न्हाणीतला उजेड

आमच्या बाथरूमच्या आसपास सगळ्यात जोमानं वाढलेलं झाड आम्ही लावलेलं नव्हतं. ते पिंपळाचं होतं. खिडकीबाहेरच्या डक्टमध्ये सांडपाण्याच्या पाइपाचा एक सांधा कायम पाझरायचा, तिथल्या भेगेतून ते वर आलं होतं. दर दिवाळीच्या आधी आई कुणाला तरी डक्टमध्ये उतरवून ते कापून घ्यायची आणि दर पावसाळ्यात ते पुन्हा चार पानं हलवत हजर व्हायचं.

खिडकीच्या आत, फूटभर अंतरावर, मी विकत आणलेली रोपं मात्र एकामागून एक मरत होती. आधी फर्न गेलं, मग रंगीत पानांचं कॅलेडियम, मग एक गुबगुबीत सक्युलंट. बाथरूमसाठी उत्तम झाडं सांगणारे व्हिडिओ मी भरपूर पाहिले होते. सगळ्यांचं म्हणणं एकच: बाथरूमची हवा दमट असते आणि झाडांना ती आवडते. आमच्याकडे दमटपणाची काय कमी! जुलैत भिंतीला हात लावला तर ओला व्हायचा. तरी झाडं मरत होती.

आम्ही ठाकुर्ली पूर्वेला राहायचो. ऐंशीच्या दशकातली, चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली इमारत. गेल्या वर्षी तिच्या तपासणीचा अहवाल आला, घरं रिकामी करायचं ठरलं आणि काही दिवसांनी नव्या टॉवरचा नकाशा सोसायटीच्या ग्रुपवर पडला. मी तो मोबाइलवर बोटांनी मोठा करून पाहिला. नवी बाथरूम जुनीपेक्षा मोठी होती. पण तिला खिडकी नव्हती. एका कोपऱ्यात छोटा चौकोन होता आणि त्यावर 'एक्झॉस्ट' असं लिहिलं होतं.

त्या दिवसापासून बाथरूममध्ये कुठलं झाड लावावं हा प्रश्न माझ्यासाठी नुसता सजावटीचा राहिला नाही. आपल्या आंघोळीच्या जागेचं आणि झाडांचं नातं किती जुनं आहे आणि ते बिघडलं कुठे, हे मी शोधायला लागले. सुरुवात घरातूनच करावी लागली, कारण आमच्या बाथरूममध्ये मेलेलं पहिलं झाड माझं नव्हतंच. ते आजीचं होतं.

आजीचं अळू

आजी गुहागरजवळच्या गावातून आमच्याकडे कायमची राहायला आली तेव्हा मी सातवीत होते. तिच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले अळवाचे चार गड्डे होते. गावच्या घराला कुलूप लागलं होतं, पण न्हाणीमागचं अळू तिला सोडवलं नव्हतं. आल्या दिवशी तिनं बाथरूमचं दार उघडलं, आत पाहिलं आणि विचारलं, "अगो, पाणी जातं कुठे ह्यातलं?"

मी जाळी दाखवली. ती वाकून बघत राहिली. आंघोळीचं पाणी एका भोकातून दिसेनासं होतं आणि त्यावर काहीच उगवत नाही, हे तिला पटत नव्हतं.

तिनं एका फुटक्या बादलीत माती भरून दोन गड्डे बाथरूममध्येच, खिडकीखाली लावले. ओल मिळेल, एवढा तिचा साधा हिशोब. आठवड्यात कोंब आले. पण देठ हात हात लांब, पांढुरके आणि लुळे. पानं तळहाताएवढीसुद्धा झाली नाहीत. महिन्याभरात ती खिडकीच्या दिशेनं वाकून आडवी झाली. उरलेले दोन गड्डे घेऊन आजी गच्चीवर गेली. तिथे टाकी भरली की जादा पाणी ज्या पाइपातून पडायचं, त्याच्याखाली तिनं एक ड्रम कापून ठेवला. दोन वर्षांत तिथलं अळू इतकं माजलं, की श्रावणात आमच्या अख्ख्या इमारतीत फदफदं व्हायचं.

तेच गड्डे, तीच माती, तेच पाणी. फरक एकच होता, पण तो माझ्या लक्षात यायला पंधरा वर्षं लागली.

न्हाणी म्हणजे बाग

कोकणातली जुनी न्हाणी ही आजच्या अर्थानं खोली नव्हतीच. घराच्या मागच्या अंगाला, विहिरीपासून फार लांब नाही अशा जागी, चिऱ्याचा किंवा झावळ्यांचा आडोसा. खाली उभं राहायला दगड. एका बाजूला पाणी तापवायची चूल आणि तिच्यावर तांब्याचा हंडा. अनेक ठिकाणी वर छप्परही नसायचं. पाणी पन्हळीतून बाहेर पडायचं आणि जिथे पडायचं तिथे अळू, पुढे केळी, त्याच्या पुढे एखादा माड. कुठे कर्दळीची रांग.

ही रचना कुणी शास्त्र म्हणून आखलेली नव्हती, पण तिच्यात शहाणपण होतं. उभं राहिलेलं पाणी म्हणजे डास आणि चिखल. ते पिऊन टाकणारी झाडं तिथे लावली की पाणी मुरतं आणि वर भाजी, पानं, फळं मिळतात. आज सांडपाणी शुद्ध करायला झाडांचे वाफे बांधतात, त्यात कर्दळ हमखास असते. गंमत म्हणजे 'कॅना इंडिका' असं नाव मिरवणारी ही कर्दळ मूळची अमेरिका खंडातली. आपल्या परसात ती इतकी रुळली, की कुणी तिला परकी म्हणणार नाही. तेव्हा न्हाणीच्या पाण्यात जायचं तेही सौम्य असायचं: शिकेकाई, रिठा, डाळीचं पीठ, राख. अळवाला त्याचं काही वाटत नसे.

म्हणजे आपल्याकडे आंघोळीची जागा आणि झाडं यांचं नातं जुनंच आहे. फक्त तेव्हा माणूस झाडांमध्ये जाऊन आंघोळ करायचा, आणि आता आपण आंघोळीच्या खोलीत झाड आणून ठेवतो.

आणि हा 'तेव्हा' फार लांबचा नाही. २०११च्या जनगणनेनुसार देशातल्या ४२ टक्के कुटुंबांच्या घरी बाथरूम होती. आणखी सुमारे १६ टक्क्यांकडे जे होतं त्याला जनगणनेनं 'छत नसलेला आडोसा' असं म्हटलं होतं. आजीची न्हाणी सरकारी तक्त्यात या रकान्यात बसली असती. उरलेल्यांच्या घरी तेवढंही नव्हतं. त्यामुळे न्हाणीबद्दल हळवं होताना हेही लक्षात ठेवायला हवं, की आडोशाविना आंघोळ करायला लागणाऱ्या बाईसाठी चार भिंती आणि कडी ही फार मोठी गोष्ट आहे. भिंती हव्याच होत्या. प्रश्न त्या भिंती बांधताना काय गेलं, हा आहे.

रेल्वे, चाळ आणि मोरी

१८५३च्या एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी, १८५४च्या मे महिन्यात, ती कल्याणपर्यंत आली. आमचं ठाकुर्ली या वाटेवर, डोंबिवली आणि कल्याणच्या मध्ये. तेव्हा इथे चोळे, कचोरे यांसारखी गावं, खाडी आणि भातशेती. पुढे रेल्वेमार्गाचं विद्युतीकरण सुरू झालं, तसं १९२०च्या दशकाच्या अखेरीस इथे जीआयपी रेल्वेचं वीजघर उभं राहिलं. जुनी माणसं अजून त्याला 'चोळा पॉवर हाऊस' म्हणतात. कोळसा जाळून वाफ, वाफेवर वीज, त्या विजेवर घाटापलीकडे जाणाऱ्या गाड्या.

माझे आजोबा याच रेल्वेत होते. नोकरीसाठी ते एकटे आले आणि आजी गावीच राहिली, हे तेव्हाच्या कोकणात घरोघरी चालायचं. आजोबांची पहिली जागा इथली नव्हती. ती मुंबईतली चाळीतली खोली होती, आणखी पाच जणांबरोबर. त्या खोलीत न्हाणी नव्हती, मोरी होती: कोपऱ्यात दोन-अडीच फुटांचा चौकोन, वीतभर उंच कठडा. तिथेच भांडी, तिथेच आंघोळ. परसातली केळ आणि अळू सोडून आलेल्या माणसांनी गॅलरीच्या कठड्यावर डालड्याच्या डब्यात तुळस लावली. न्हाणी आणि बाग यांची ताटातूट इथे झाली. पाणी घरात आलं आणि झाड बाहेर, जिथे थोडं ऊन येतं तिथे गेलं.

या चाळींमधला अंधार हा एकेकाळी मुंबईतला जीवनमरणाचा प्रश्न होता. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, काळोख्या वस्त्यांमध्ये तो कसा पसरतो हे पाहून १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा सर्वमान्य झालेलं नव्हतं. दोष कोंदट हवेला आणि अंधाराला दिला जात होता. निदान अपुरं होतं, पण त्यातून एक मोलाची गोष्ट निघाली.

ट्रस्टचे एक अध्यक्ष होते जे. पी. ऑर. मुंबईतल्या घरांमधला उजेड आणि हवा या विषयावर त्यांनी १९१२ साली व्याख्यानही दिलं होतं. ट्रस्टनं घरांसाठी जो नियम धरला तो साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून ओळखला जातो. शाळेतली भूमिती आठवत नसेल तरी तो समजायला सोपा आहे. खिडकीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर रेघ काढली तर ती समोरच्या इमारतीला अडता कामा नये, थेट आकाशाला भिडायला हवी. सरळ भाषेत, समोरची भिंत जितकी उंच, त्याच्या निम्मं तरी अंतर मध्ये मोकळं हवं. वीस फूट भिंत, तर दहा फूट मोकळी जागा.

हा नियम राहत्या खोल्यांसाठी होता, न्हाणीघरासाठी नव्हता. तरीही मी एका रविवारी मेजरिंग टेप घेऊन आमच्या बाथरूमच्या खिडकीत उभी राहिले. आमचा मजला पहिला. खिडकीच्या वर समोरची भिंत अंदाजे तीस फूट चढते. नियमानं मध्ये पंधरा फूट हवेत. डक्टची रुंदी भरली पाच फूट.

आजीचं अळू का वाकलं आणि माझं फर्न का मेलं, याचं उत्तर त्या टेपवर होतं. आमच्याकडे ओल भरपूर होती. आकाश नव्हतं.

बाटलीतलं नेचं

बाथरूममध्ये झाड ही कल्पना ज्या हौसेतून आली, तिचा एक धागा लंडनमध्ये सापडतो. नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड हा पूर्व लंडनमधला डॉक्टर. त्याला नेच्यांची, म्हणजे फर्नची, आवड होती, पण कोळशाच्या धुरात त्याच्या बागेतली नेची जगत नव्हती. १८२९ साली त्यानं एका पतंगाचा कोष ओलसर मातीसह बंद बाटलीत ठेवला. पतंगाचं काय व्हायचं ते झालं, पण मातीतून एक नेचं आणि थोडं गवत उगवलं. दिवसा पाण्याची वाफ काचेवर जमायची आणि पुन्हा मातीत उतरायची. बाहेरच्या धुरात मरणारं नेचं बाटलीत वर्षानुवर्षं जगलं.

यातून काचेची बंद पेटी तयार झाली. १८३३ साली अशा दोन पेट्या जहाजाच्या डेकवरून सिडनीला गेल्या आणि काही महिन्यांच्या प्रवासानंतरही आतली झाडं हिरवी होती. त्यानंतर जगभरची झाडं जहाजांवरून इकडून तिकडे फिरली. चीनमधला चहा हिंदुस्थानात आणायला रॉबर्ट फॉर्च्यूननं याच पेट्या वापरल्या. साम्राज्याच्या व्यापारात या पेट्यांनी पुष्कळ उलाढाल केली, आणि इंग्लंडच्या दिवाणखान्यांत नेच्यांचं वेड पसरलं. चार्ल्स किंग्सलेनं १८५५ साली त्या वेडाला 'टेरिडोमेनिया' असं नावच दिलं. इकडे मुंबईत भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली खुली झाली आणि देशोदेशीची झाडं इथल्या लोकांनाही जवळून पाहता यायला लागली.

व्हिडिओवाले सांगतात ते वॉर्डच्या बाटलीचंच निम्मं सत्य आहे: दमट, बंद जागेत नेची खूश असतात. पण बाटली काचेची होती, हे ते विसरतात. चारही बाजूंनी उजेड आत येत होता. आपल्या बाथरूमच्या भिंती सिमेंटच्या असतात.

सगळी भावंडं सुरणाच्या घरातली

नर्सरीत जाऊन 'बाथरूमसाठी काहीतरी द्या' म्हटलं की समोर काय येतं बघा. मनी प्लांट. पीस लिली. ॲग्लोनेमा. फिलोडेंड्रॉन. झेडझेड. एकेकाचं नाव तपासताना मला कळलं, की ही सगळी एकाच कुळातली आहेत. ॲरेसी, म्हणजे सुरणाचं कुळ. आणि त्याच कुळात अळूही आहे.

मला हे वाचून हसूच आलं. आजीनं न्हाणीमागून ज्याला उचलून आणलं, त्याचेच चुलत भाऊबंद मी पैसे देऊन विकत आणत होते. यात योगायोग फारसा नाही. या कुळातली पुष्कळ झाडं उष्ण प्रदेशातल्या ओलसर जागी वाढलेली, बरीचशी मोठ्या झाडांच्या सावलीतली. ओल आणि कमी ऊन त्यांच्या अंगवळणी पडलेलं. पावसाळ्यात कोकणात झाडांच्या खोडांवर रुखाळू उगवतं, तेही यांच्याच नात्यातलं. अळू मात्र या भावंडांत उन्हाचं भुकेलं. मोकळ्या आकाशाखाली ते पान सुपाएवढं करतं, डक्टच्या अंधारात माना टाकतं.

नात्याची आणखी एक खूण. अळू नीट शिजलं नाही, चिंच घालायची राहिली, की घसा खवखवतो, कारण पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. तेच स्फटिक मनी प्लांटमध्ये आहेत, पीस लिलीतही आहेत. घरात रांगतं मूल किंवा पानं चावणारी मांजर असेल तर ही झाडं उंचावर ठेवा.

यातल्या मनी प्लांटची गोष्ट मला सगळ्यात आवडते. ही वेल मूळची ताहितीजवळच्या मोओरेआ बेटावरची. १८८० साली युरोपात तिची शास्त्रीय नोंद झाली तेव्हा ती सॉलोमन बेटांची समजली गेली होती. तिचं नावही पुढे अनेकदा बदललं, कारण ओळख पटवायला फूल लागतं आणि ही वेल फुलतच नाही म्हटलं तरी चालेल. २०१६ साली संशोधकांना कारण सापडलं: फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक बनवण्यात तिच्यात खोट आहे. फूल नाही म्हणजे बी नाही. त्यामुळे तुमच्या-माझ्या घरातली मनी प्लांट कुणाच्या तरी वेलीचा तोडलेला तुकडा असते, आणि ती वेल आणखी कुणाच्या तरी. जगभर ती हातोहात, कापून कापून पोचली आहे. 'मनी प्लांट चोरून आणली तरच लागते' असं आपल्याकडे म्हणतात. निदान तुकडा आणल्याशिवाय ती लागत नाही, एवढं खरं.

मग काय लावायचं?

मी आता कुणाला झाड सुचवण्याआधी एक प्रश्न विचारते: दुपारी बारा वाजता, दिवा न लावता, तुझ्या बाथरूममध्ये पेपर वाचता येतो का?

येत असेल तर निवड मोठी आहे. खिडकीजवळ नेची लावा. आपल्याकडे जुन्या विहिरींच्या आतल्या चिऱ्यांवर हंसराज नावाचं नाजूक नेचं उगवतं, काळ्या तारेसारख्या देठांचं. त्याला हवा तो गारवा, ती ओल आणि तो मऊ उजेड अशा बाथरूममध्ये मिळू शकतो. पीस लिली इथे पांढरं फूलही देईल.

कसाबसा वाचता येत असेल तर मनी प्लांट, ॲग्लोनेमा. पीस लिली हिरवी राहील, फुलण्याची आशा ठेवू नका. स्नेक प्लांट आणि झेडझेड अशा जागी तग धरतात, पण ती कोरड्याची झाडं आहेत. स्नेक प्लांटची जाड पानं आणि झेडझेडचे मातीखालचे गड्डे पाणी साठवून ठेवतात. शॉवरचे शिंतोडे रोज कुंडीत पडले तर ती कुजतात. उंच फळीवर ठेवा आणि माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी घालू नका. इथे दमटपणा त्यांचा मित्र नाही.

वाचताच येत नसेल, तर तिथे कुठलंही झाड जगत नाही, ते फक्त सावकाश मरतं. मनी प्लांटला चार-सहा महिने लागतात एवढंच, आणि तेवढ्यात आपण व्हिडिओला लाइक करून मोकळे झालेलो असतो. अशा वेळी दोन उपाय. एक, दोन कुंड्या ठेवा आणि दर आठवड्याला बाथरूममधली खिडकीत, खिडकीतली बाथरूममध्ये अशी अदलाबदल करा. दुसरा, झाडाच्या जवळ साधा पांढरा एलईडी दिवा रोज दहा-बारा तास चालू ठेवा. आणि कुंडीत शॅम्पूचं किंवा फरशी घासायच्या ॲसिडचं पाणी जाऊ देऊ नका. हे शिकेकाईचं पाणी नाही.

हवा शुद्ध होईल म्हणून मात्र लावू नका. १९८९ साली नासाच्या एका अभ्यासात बंद डब्यात ठेवलेल्या झाडांनी हवेतली काही घातक द्रव्यं कमी केल्याचं दिसलं, आणि तेव्हापासून नर्सरीवाले तोच दाखला देतात. २०१९ साली अशा अनेक अभ्यासांचा पुन्हा हिशोब मांडला गेला. खऱ्या घरात, साध्या हवेच्या येण्याजाण्याइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील, असं त्यात निघालं. एक उघडी खिडकी हे काम फुकट करते.

पिंपळ

आता पुन्हा डक्टमध्ये, त्या पिंपळाकडे. पक्षी फळं खातात, बी विष्ठेतून भेगेत पडतं. त्याला माती लागत नाही, पाझर लागतो. ऊन शोधायला त्याची मान पाइपावरून वर चढत जाते आणि मुळं भिंतीच्या आत. कापलं तरी मूळ आत राहतं, जाड होतं, भेग रुंद करतं, रुंद भेगेतून आणखी पाणी झिरपतं, आणि ओल लोखंडी सळ्यांपर्यंत पोचली की त्या गंजून फुगतात. आमच्या बाथरूममधलं खरं यशस्वी झाड काय करत होतं, ते तपासणीच्या अहवालातल्या फोटोंमध्ये दिसलं. पिंपळानं इमारत पाडली असं मी म्हणणार नाही. पाझर आधीचा होता. पिंपळ फक्त सांगत होता, आणि आम्ही दरवर्षी निरोप्याचीच मान कापत होतो.

ठाकुर्लीत हा विषय कुणाला विनोदी वाटत नाही. २०१५च्या जुलैअखेर, भर पावसात, इथलीच 'मातृछाया' ही इमारत कोसळली आणि नऊ माणसं गेली. त्यानंतर कित्येक रात्री आई पाऊस वाढला की उठून बाथरूमच्या भिंतीवरून हात फिरवायची. मला तेव्हा तिचा राग यायचा. हात फिरवून काय कळतं, असं मी म्हणायचे. आता वाटतं, त्या घरात ओलीकडे नीट लक्ष देणारं माणूस म्हणजे आधी आजी आणि मग आई.

नव्या टॉवरच्या मीटिंगमध्ये मी हात वर केला. पार्किंग, कॉर्पस, भाडं असे मोठे विषय चालू होते. मी विचारलं, "बाथरूमला खिडकी देता येईल का?" दोन-तीन जण हसले. कुणीतरी म्हणालं, "तिथे काय बघायचंय तुला?" आर्किटेक्टनं सभ्यपणे सांगितलं, की यांत्रिक वायुवीजन नियमात बसतं. मी ऑरच्या साडेत्रेसष्ट अंशांबद्दल बोलायला लागले, पण मध्येच थांबले, कारण तळमजल्यावरचे काका उभे राहिले होते. त्यांच्या बाथरूमची भिंत सगळ्यात जास्त ओली होती. ते म्हणाले, "पोरगी बरोबर विचारते आहे. ऊन शिरत नाही तिथली ओल जात नाही. माझं आयुष्य गेलं ती भिंत रंगवण्यात." त्यानंतर कुणी हसलं नाही. आर्किटेक्ट म्हणाले, बाहेरच्या भिंतीला लागून बाथरूम घेता येते का ते बघतो. सुधारित नकाशा अजून आलेला नाही.

सध्या आम्ही नव्वद फुटी रस्त्याजवळ भाड्यानं राहतो. इथल्या बाथरूमला छोटी खिडकी आहे, दुपारी पेपरातले मथळे वाचता येतात, बारीक अक्षर नाही. तिथे मनी प्लांट आहे, शेजारणीकडून मागून आणलेली. बरी चालली आहे.

जुनी इमारत सोडायच्या आदल्या दिवशी मी गच्चीवरचा ड्रम उपसला. आजी जाऊन चार वर्षं झाली. मातीत गड्डे इतके निघाले, की प्रत्येक घराला दोन-दोन वाटून उरले. आमचे मी बाल्कनीच्या ग्रिलमध्ये लावलेत. वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी नेमकं तिथे टपकतं. घरमालकीण म्हणाल्या, त्यांना सांगते पाइप लावायला. मी म्हटलं, राहू द्या, मला हवंय ते.